सरिताचे वाळवलेले टमाटर आन माझं तोंड

प्रिय नानाजी यास कोरपन्याहून देवरावचा रामराम.

इथी सगळे खुशाल. तुझा गुडघा, वहिनीचं बीपी आन चंद्रपूरचं ऊन, तिन्ही ताब्यात असतीन अशी आशा. फोनच केला असता, पण आमच्या वस्तीत रेंज नाई, म्हणून हे पत्र. (माझं अक्षर पाहून गुरुजी छडी शोधत, तवा सबुरीनं वाचजो.)

पत्राचं कारण टमाटर. मांगच्या उन्हाळ्यात बाजारात टमाटर कोणी फुकट घेईना, तं आमच्या घरवालीनं, सरितानं, वावरातले सारे तोडून आणले, चकत्या केल्या, मीठ लावलं आन स्लॅबवर जुन्या लुगड्यायवर पसरवले. खदानीची धूळ बसू नये म्हणून वरून मच्छरदाणी टाकली, आन आमाले रातभर मच्छरायच्या हवाली केलं. एका वांदरानं एक चकती उचलली, चाटली, तोंड वाकडं केलं आन परत ठेवून गेला. मी तवाच समजाले पाह्यजे होतं. तवापासून वरणात टमाटर, पोह्यात टमाटर, वांग्याच्या भाजीत तं वांगं शोधा लागते. लसूण-मिरचीसंग कुटून चटणी करते, ते अर्धी वस्ती वाटी घेऊन मागाले येते. चहा तेवढा वाचला, तोही दूध नासते म्हणून.

आन हेच टमाटर मले बाधले. गालाच्या आत जखम झाली, ते भरूनच येत नाई. खारट-आंबट लागलं का डोयातून पाणी. दुसरं कारणच नाई. (तंबाखू-सुपारीचा खर्रा तं मी मिसरूड फुटली तवापासून चघळतो. त्यानं आजवर काई केलं नाई, मंग आताच काऊन करन?) सरिताले वाईट वाटू नये म्हणून मी दुसऱ्या गालानं जेवतो, झकास झालं म्हणतो, आन ते आणखी वाढते.

खरा तमाशा दिव्यानीच्या साक्षगंधाले झाला. पोरीची सोयरीक गडचांदूरच्या गुणवंतरावच्या पोराशी जुळली. आता व्याह्यायनं एकमेकाले पेढा भरवाचा असते. गुणवंतराव मोठ्या हौसेनं अंड्याएवढा पेढा घेऊन आला, आन माझं तोंड एका बोटाच्या वर उघडेना. पेढा मिशीवर बसला. त्याले वाटलं, व्याही रुसला, मानपानात कमी पडलं. त्यायच्याकडचे म्हातारे हात जोडत आले, नवा दुपट्टा आणला, टोपी घातली, नारळ देल्ला. मी काय सांगाव? रुसूनच बसलो, ते सोपं होतं. गुणवंतराव टमाटराच्या रश्श्यावर बोटं चाटत जेवला, आन मी मानाची टोपी घालून उपाशी राह्यलो. दिव्यानी तेवढी माझ्याकडं पाहून राह्यली होती. आपल्याच बापानं आपलं लग्न मोडाले काढलं असं तिले वाटलं असन. पोरीचा तो चेहरा आठवला का मले झोप लागत नाई.

तवा तू सरिताले फोन करून समजाव का टमाटर कमी टाक. तुझं ते ऐकते. (तिचा फोन लागते.)

तुझाच,
देवराव

ता. क. रेंज माझ्या फोनलेही आहे. जीभ वळत नाई. बोललेलं लोकायले समजत नाई, म्हणून लिहिलं.

ता. क. दुसरं. सरिताले फोन करू नको. परवापासून ते मले फिकं वरण आन मऊ भात वाढून राह्यली, काई न विचारता. स्वतःच्या ताटातही तेच घेते.

ता. क. तिसरं. सोमवारी मोटरसायकल घेऊन ये. जखम पांढरी पडली, थुंकीत रक्त येते. मले मोठ्या दवाखान्यात ने. घरी सांगू, लग्नाचे कपडे पाहाले चाललो. गुणवंतरावच्या कानावर जाऊ देऊ नको, बिमार माणसाच्या घरची पोरगी म्हणून मांगं सरतीन. तपासून झालं का मी बाहेर बसतो, डाक्टरशी तूच बोल. वैशाखात लग्न आहे, तोवर निभते का एवढं विचारजो. जे म्हणन ते वापस येताना गाडीवर सांग. तू पुढं राहशीन, मी मांगं, एकमेकाचं तोंड पाहा लागणार नाई.