बंद यंत्राची पूजा

बाबा, काल एका मुलीने मला विचारलं की माझ्या पदवीचा विषय काय होता. मी सांगितलं: इतिहास, समाजशास्त्र आणि तिसरा, यंत्रं आणि समाज. ती पुढे काय विचारावं या विचारात पडली. तुम्ही मात्र लगेच विचारलं होतं. अकोल्याच्या आपल्या ओसरीवर, सुपारी कातरता कातरता. "इतिहास राजांचा असतो. यंत्र इंजिनियर शिकतात. यात तू कुठे बसतेस?"  अमरावतीच्या कॉलेजात ही जोडणी नवीन होती आणि शिकवणारे सरही ती चाचपडतच शिकवत होते. त्यांचा एक नियम मात्र पक्का होता. शेवटच्या वर्षी प्रत्येकाने आपल्या गावातलं एक यंत्र निवडायचं, त्याच्याभोवतीची माणसं पाहायची आणि त्यावर निबंध लिहायचा. ऐकीव माहितीवर लिहिलेला निबंध ते परत करत, आणि निबंधाशिवाय पदवी नव्हती.

मी कापसाचं जीन, म्हणजे रुई आणि सरकी वेगळी करायचा कारखाना, निवडलं, कारण जिनाचे मालक तुमचे यजमान होते. दर खंडेनवमीला तुम्ही तिथे इंजिनाची आणि रेच्यांची, म्हणजे सरकी काढणाऱ्या यंत्रांची, पूजा सांगायला जात होता. त्या दारातून आत जाण्याचा दुसरा रस्ता मला ठाऊक नव्हता. तुम्ही आधी नाही म्हणालात. "यजमानाकडे आपण पूजा सांगायला जातो, चौकशीला नाही." आईने दोन दिवस मध्ये पडून तुम्हाला वळवलं. तबक धरायला म्हणून मला सोबत न्यायचं ठरलं.

नवा कापूस दिवाळीच्या सुमारास यायचा, म्हणून खंडेनवमीला जीन बंद असे. धुऊनपुसून तेल दिलेलं इंजिन, त्यावर कुंकवाचं स्वस्तिक, झेंडूच्या माळा. रेच्यांची ओळ, रिकामी. तुम्ही मंत्र म्हणताय, मालक हात जोडून उभे आहेत, आणि दाराशी बाया गोळा झाल्या आहेत. यंदा कामावर कोणाकोणाला घेतात ते विचारायला आल्या आहेत, प्रसाद हे निमित्त. आरती झाल्यावर मी तबक ठेवून त्यांच्याकडे गेले. पुढे एक वयस्क बाई होती, कपाळावर मोठं गोंदण. मी म्हटलं, मला या यंत्राबद्दल आणि तुमच्या कामाबद्दल विचारायचं आहे.

"तू महाराजाची पोरगी व्हय?"

"हो."

"अन् बंद रेच्यापाशी उभी राहून विचारून राह्यली? मेल्या म्हशीले दूध मागतं का कोणी?" बाकीच्या हसल्या. "चालू झाल्यावर ये. मंग घडीभर टिकून दाखव."

मीही हसले. तेवढ्यात मालकांचा आवाज आला. ते माझ्याशी नाही, तुमच्याशी बोलत होते. "महाराज, मुलगी बी.ए. करते का युनियन? आज ही विचारते, उद्या ह्या बाया मले विचारतीन. तुमी पूजेले या, पूजेपुरतं बोला. नाहीतर पुढच्या साली आमी दुसरे महाराज पाहू." त्यांचा आवाज चढला नव्हता. हातातला नारळ त्यांनी तसाच नम्रपणे तुमच्या पुढे धरला होता. तुम्ही तो घेतलात आणि "बरं" म्हणालात.

घरापर्यंत तुम्ही माझ्यापुढे चालत होता. आईने पानं वाढली आणि काय झालं म्हणून विचारलं. "हिला विचार," तुम्ही म्हणालात, "ही समाजाचं शास्त्र शिकते." मग भात कालवता कालवता, तिच्याकडेच पाहत, "सुट्टीनंतर अमरावती बंद."  मी भांडणार होते. वाटेतच वाक्यं जुळवून ठेवली होती. पण तोंडातून निघालं ते भलतंच.

"बाबा, ते यंत्र चालू असताना कसं दिसतं?"

तुम्ही घास खाली ठेवलात. "मला काय ठाऊक."

"इतकी वर्षं पूजा करता त्याची."

मी ते टोचायला म्हटलं नव्हतं. मला खरंच नवल वाटलं होतं. तुम्ही जेवण संपल्याचं उत्तरापोशन घेतलंत आणि भरल्या पानावरून उठलात. असं तुम्ही त्याआधी कधी केल्याचं मला आठवत नाही.

दिवाळी झाली. माझी ट्रंक माळ्यावर गेली. हंगाम सुरू झाला, भोंगा घरापर्यंत ऐकू येऊ लागला. एका सकाळी तुमची पूजा आटोपली, तुम्ही उपरणं घेतलंत आणि म्हणालात, "चल." मी चपला घालून मागोमाग निघाले. जिनाच्या फाटकावरचा चौकीदार गोंधळला. "महाराज, आज कोणती पूजा?" तुम्ही म्हणालात, "आज पूजा नाही."

आत आवाज एवढा की तो ऐकू येण्याआधी पायांत जाणवतो. हवेत रुईची तुसं तरंगताहेत. बाया नाकातोंडाला पदर बांधून रेच्यांपुढे ओळीने उभ्या आहेत, कापूस सारताहेत, खाली सरकी गळते आहे. तुम्ही त्या यंत्राकडे पाहताय. तुमचे हात जोडले जायला निघाले आणि अर्ध्यावर थांबले. तुम्ही इंजिनाच्या फिरत्या पट्ट्याच्या दिशेने एक पाऊल पुढे टाकलंत. तेवढ्यात गोंदणवाली बाई ओरडली, "सरका! उपरणं पट्ट्यात जाईन!" आणि तिने तुमचं उपरणं धरून तुम्हाला मागे ओढलं. ओढल्यावर तिच्या ध्यानात आलं की आपण कोणाला हात लावला. ती उपरणं सोडायचंही विसरली.  सोवळ्यात असताना माझी सावली पडली तरी पुन्हा अंघोळ करणारे तुम्ही. तुम्ही खोकत होता. खोकला थांबल्यावर तुम्ही तिला मोठ्याने विचारलंत, "बाई, इथं उभं किती वेळ राहावं लागतं?"

"भोंगा होईतो. बसलं त रेचा उपाशी राह्यते."

"आणि पाणी प्यायला?"

"शेजारणीले सांगून जा लागते." मग माझ्याकडे पाहून, "बापाले घेऊन आली काय, पोरी?"

मालक कचेरीच्या दारात येऊन उभे राहिले होते. त्यांनी हाक मारली नाही. तुम्ही त्यांना पाहिलंत, नमस्कार केलात, आणि पुन्हा तिच्याकडे वळलात. घरी आल्यावर विहिरीवर अंघोळ करून तुम्ही आईला सांगितलंत, हिची ट्रंक खाली काढ.

मला पदवी मिळाली. पुढच्या खंडेनवमीला तुम्ही पहाटे उठून पूजेचा रेशमी मुकटा नेसलात आणि ओसरीवर बसलात. बोलावणं आलं नाही. दुपार कलली तेव्हा आईने पानं घेऊ का म्हणून विचारलं. "थोडं थांबू," तुम्ही म्हणालात. जिनाबद्दल आपण त्यानंतर कधी बोललो नाही. मालकांचं घर हे तुमचं मोठं यजमानघर होतं. ते गेल्यावर आणखी दोन घरं गेली, हे मला आईकडून कळलं, तेही तुम्ही गेल्यावर.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. लोक म्हणतात, मुलीच्या शिक्षणासाठी बापाने यजमान सोडला, आणि मी मान डोलावते. पण मला तसं असायला नको आहे, बाबा. त्या सकाळी तुम्हाला स्वतःलाच ते यंत्र पाहायचं होतं आणि मी फक्त सोबत होते, असंच असावं, एवढं मला वाटतं.