ऐश्वर्याला काही विचारू नका

अहो, कोल्हापुरातून नमस्कार आणि जय जिनेंद्र.

फोनवर बोलले तर ऐश्वर्याला ऐकू जाईल, म्हणून हे कार्ड. लेक बरी आहे, वेळेवर जेवते. म्हशीचा पाय बरा झाला का?

ऑफिसनं तिला कॉम्प्युटरची नवी भाषा शिकायला महिना दिलाय. वीस तारखेला परीक्षा आहे, नापास झाली तर नोकरी जाणार. आणि ही पंधरा दिवस नुसती वहीत लिहिते, खोडते. काल मी ओरडलेच, "अगं, कॉम्प्युटर उघडणार कधी?"

ती म्हणाली, "आई, पर्युषणातल्या दहा उपवासांआधी तू महिनाभर एकवेळ जेवून सवय करतीस की! मग माझ्याच मागं का?"

खरं आहे. पण एवढं बोलून तिनं लिहिलेलं अख्खं पान खोडून टाकलं.

वीसपर्यंत तिला काही विचारणार नाही, असा मी मंदिरात नियम घेतलाय. तुम्हीही घ्या. सकाळपासून दोनदा तोंडाला पदर लावलाय.

तुमची,
अंजना