प्लेटवरच्या आठ चकत्या

३ फेब्रुवारी २०२६, मंगळवार

सासूबाईंना सकाळी हुडहुडी भरली. ताप १०३. लघवीला पुन्हा जळजळ — वर्षात चौथ्यांदा! हे कंपनीतून सुट्टी टाकून आले. पाबळहून थेट शिरूरला नेलं, ॲडमिट केलं. लघवीचा नमुना तपासायला आमच्याच लॅबला आला. बाटलीवर नाव मीच लिहिलं — सिंधूबाई, वय ६१.

४ फेब्रुवारी

नमुन्यातले जंतू प्लेटवर वाढलेत. आतड्यातले, नेहमीचेच. दुसऱ्या प्लेटवर पसरवले, वर वेगवेगळ्या औषधांच्या आठ चकत्या ठेवल्या. औषध लागू असेल तर चकतीभोवती मोकळं वर्तुळ पडतं. नसेल तर जंतू चकतीला खेटून वाढतात.

ताप उतरत नाही.

५ फेब्रुवारी

सात चकत्यांना जंतू खेटलेले. गेल्या वर्षी त्यांच्याच नमुन्यावर पाच औषधं चालत होती. आठवीभोवती मात्र वर्तुळ आहे. स्वच्छ.

ह्यांना रिपोर्ट दाखवला.

"म्हंजी आईला गोळ्यांची सवय झाली व्हय?"

"आईंना नाही. जंतूंना."

समजावून सांगितलं — कोट्यवधींत दोन-चार मुळातच चिवट. गोळीनं बाकीचे मरतात, चिवटांना जागा मोकळी. सोयीचं असेल तर वीस मिनिटांत एकाचे दोन. वर शेजारच्या जंतूलाही औषध पचवायची युक्ती देऊन टाकतात. दर वेळी थोडी औषधं घ्यायची, सोडायची, की हेच.

"मग आता?"

"एक इंजेक्शन उरलंय."

हे रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे गेले.

६ फेब्रुवारी

इंजेक्शन कालच सुरू केलंय. ताप १०२. बीपी खाली. मला ओळखलं नाही.

८ फेब्रुवारी

ताप ९९. चहा मागितला! शेजारच्या खाटेवरच्या शेवंताबाईंना विचारत होत्या, "तुमच्याकडं कांदा काढला का?"

१० फेब्रुवारी

डॉक्टर राउंडला आले. आम्हा तिघांसमोर विचारलं, "मागच्या वेळी सात दिवसांचा कोर्स दिला होता. तिसऱ्या दिवशी बंद कुणी केला?"

सासूबाई लगेच म्हणाल्या, "मीच. ध्यानात राह्यलं न्हाई."

हे भडकले. "मरता मरता वाचलीस आई! गोळ्या घ्यायच्या एवढंबी जमंना?" त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही.

११ फेब्रुवारी

त्यांच्या ध्यानात होतं. मागच्या वेळी तिसऱ्या दिवशी मळमळतंय म्हणून मला विचारायला आल्या होत्या. "बरं वाटतंय ना, मग राहू द्या गोळ्या" — हे मी म्हणाले होते.

काल मी गप्प बसले.