हातामागचा गाल

बाबा,

परवा नातीने मायच्या फोटोचा मोबाइलमध्ये फोटो घेतला आणि मोबाइलने मायचे वण पुसून टाकले. कोणी सांगितलं नव्हतं, कोणाला विचारलंही नव्हतं. तुम्ही निदान गिऱ्हाइकाला विचारायचात तरी, "वण ठेवू का काढू?" या यंत्राला तेवढीही रीत नाही. नात मोठ्या कौतुकाने म्हणाली, "आजी, बघ ना, पणजी किती छान दिसतेय." मी पाहिलं. साबणाच्या नव्या वडीसारखी गुळगुळीत एक बाई माझ्याकडे पाहत होती. माझा पारा चढला. या वयातही चढतो, तो तुमच्याकडूनच आला आहे. म्हटलं, "आत्ताच्या आत्ता तिचे वण परत आण." तिने काहीतरी दाबलं, वण परत आले. मग भिंतीवरच्या फोटोशी ताडून पाहताना तिने एका जागी बोट ठेवलं. "हा ओठाजवळचा सगळ्यात मोठा आहे, नाही? हासुद्धा देवीचाच?" मी म्हटलं, "हो, देवीचाच." अगदी सहज म्हटलं, आणि तेव्हापासून मला चैन नाही. म्हणून हे लिहायला बसले आहे.

आपलं अमरावतीचं घर म्हणजे पुढे तुमचा स्टुडिओ, मधे अंधारी खोली, मागे स्वयंपाकघर आणि त्याच्या मागे अंगण. शहरात तुमच्या हाताचं नाव होतं ते दोन कामांसाठी. एक काम लग्नाच्या पोरींचं. देवीची साथ मोहल्ल्यातून जायची आणि वण मागे ठेवून जायची. मग आईबाप पोरीचा पदर पुढे ओढून तिला घेऊन यायचे, "तेवढे वण काढून द्या मास्तर." दुसरं काम गेलेल्या माणसांचं. घरात कोणी वारलं की लोक कुठल्यातरी लग्नातला जुना ग्रूप फोटो घेऊन यायचे, आणि तुम्ही त्या गर्दीतून ते माणूस अलगद सोडवून, त्याच्या खांद्यावरचा दुसऱ्या कोणाचा हात पुसून, एकट्याचं मोठं करून द्यायचात. छप्पनच्या धम्मदीक्षेनंतर आपल्या वस्तीतले देव्हारे रिकामे झाले, भिंतींवर बुद्धाची तसबीर आली, आणि तिच्या शेजारी बहुतेक घरांत तुमच्या हातचे आजोबा नाहीतर आजी. आणि एवढ्या नावाच्या माणसाच्या बायकोचा मात्र एकही धड फोटो नव्हता.

मायला लहानपणी देवी आल्या होत्या, कपाळापासून गळ्यापर्यंत. तुम्ही कॅमेरा तिच्याकडे वळवला की तिचा हात वर. "साऱ्या जगाच्या पोरीचे वण काढता, मले कायले बसवता?" तुम्ही म्हणायचात, "तुहे नाही काढणार. आहे तशी बस." त्यावर ती, "मंग तर बिलकुलच नाही." घरातले देव निघाले त्या दिवशी रिकाम्या कोनाड्याकडे पाहत ती काय म्हणाली, आठवतं? "सारे देव सोडले बाप्पा तुमी, पण माह्या तोंडावरची देवी काही मले सोडत नाही." तुम्ही हसत हसत खाली बसलात. त्यातलं हसू मला तेव्हा समजलं, बाकीचं समजायला फार वर्षं लागली.

मला तुम्ही शिकवायला घेतलंत ते पडदा पाळणाऱ्या घरांतल्या बाया पुरुषापुढे बसत नाहीत म्हणून, असं लोकांना सांगत होतात. मला मात्र म्हणाला होतात, "तुही नजर चोंबडी आहे पोरी, कामाची आहे." शेंदूरजनाघाटला संत्र्यांच्या बागवाल्याकडे लग्न होतं, तिथे पहिल्यांदा माझ्या हाती कॅमेरा दिलात. अंगणात संत्र्यांचा ढीग पडला होता, त्याच्यावर ऊन होतं, आणि मी हरखून गेले. छपाई झाल्यावर तुम्ही कागद उजेडात धरलात. "संत्रे कोठी पळून चालले होते का? त्याईले मधात काहून बसवलं? नवरी कोठी आहे?" मी म्हटलं, "आहे ना, त्या तिकडं." नवरी होती, पण कडेला, खांबाआड, अर्धी. तुम्ही कपाळावर हात मारलात. मी दोन दिवस तोंड फुगवून बसले. मग तुम्ही जाड पुठ्ठ्याचे दोन तुकडे कापून माझ्यासमोर ठेवलेत, दोन्ही काटकोनात. एकमेकांवर सरकवले की त्यांच्यामध्ये लहानमोठी चौकट तयार व्हायची. ती छापलेल्या फोटोवर फिरवायची आणि कुठे कापायचं ते ठरवायचं. "शाळेतले काटकोन मोजाले, आपले काटकोन काटाले," तुम्ही म्हणालात. "फोटो काढणं हे अर्धं काम. काय ठेवाचं अन् काय काढाचं, हे बाकीचं अर्धं." मला आयुष्यात बऱ्याच भेटी मिळाल्या, पण इतकी जपून ठेवलेली दुसरी नाही. आज त्यांच्या कडा मऊ पडल्या आहेत, तरी कोन सुटलेला नाही.

त्या काटकोनांनी मी वर्षभर सगळं घर कापून काढलं. आणि मग तो भांड्यांचा फोटो. सकाळची वेळ. माय चुलीपाशी भाकरी थापते आहे. छपराच्या कवेलूंच्या फटीतून उन्हाची तिरीप येते आणि घासून ठेवलेल्या पितळी भांड्यांवर, पाण्याच्या गुंडांच्या उतरंडीवर पडते. मी उंबऱ्यात बसून नेम धरते. मायच्या लक्षात येतं, ती पिठाचा हात तसाच गालासमोर धरते आणि हसते. "अवं, मले कायले काढतं? भांडे काढ, भांडे. भांड्याले वण नाही." मी भांड्यांचाच नेम धरला होता. बटण दाबलं.

फोटोत उजवीकडे गुंड झळकत होते आणि डाव्या कडेला माय आली होती, खांदा कापलेला, हात तोंडाशी. तुम्ही काटकोन ठेवलेत, एक आत सरकवलात, आणि माय चौकटीबाहेर गेली. राहिले फक्त गुंड, अंधार आणि तिरीप. तुम्ही बराच वेळ काही बोलला नाहीत, आणि तुमचं न बोलणं म्हणजे शाबासकी हे मला माहीत होतं. मायने पदराला हात पुसत मागून डोकावून पाहिलं. "बरं केलं. अर्धी बाई कोणाले पाहिजे?" तो फोटो तुम्ही मोठा करून स्टुडिओच्या दर्शनी काचेत लावलात. जाणारे येणारे थांबायचे. मी मुद्दाम दारात उभी राहायचे.

त्याच्या पुढच्या वर्षी माय तापाने गेली.

घर बायांनी भरलेलं होतं, आणि कोणीतरी विचारलं की फोटो कोणता ठेवायचा. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, मी तुमच्याकडे. तसं हसू यावं अशी गोष्ट होती. सगळ्या शहराच्या गेलेल्या माणसांना तुम्ही भिंतीवर बसवलं होतं, आणि तुमच्या घरची भिंत कोरी. तिच्या माहेरच्या ग्रूप फोटोंत शोधलं. जिथे जिथे ती होती तिथे तिथे पदर होता, नाहीतर हात. शेवटी तुम्ही माझ्या भांड्यांची निगेटिव्ह काढलीत, अख्खी छापलीत, आणि त्याच काटकोनांनी, जणू काही झालंच नाही अशा शांतपणे, गुंड बाहेर सरकवलेत. चौकटीत माय आली. मी परसात जाऊन रडले. एका बाजूने सरकवलं तर भांडी, दुसऱ्या बाजूने सरकवलं तर आई, आणि आपण आधी भांडी निवडली होती.

पण त्या फोटोत हात होता, पिठाचा. अर्धा चेहरा त्याच्यामागे. मी म्हटलं, तसाच राहू द्या, ती तशीच करायची. तुम्ही म्हणालात, "आयुष्यभर लपून राहिली पोरी. आता तरी हात खाली करू दे तिले." मग मोठ्या केलेल्या फोटोवर बारीक कुंचल्याने तुम्ही तो हात पुसायला घेतलात आणि त्याच्या जागी गाल उभा करायला लागलात. दिवसभर खिडकीशी बसायचात. गिऱ्हाइकं परत जायची. पुण्यानुमोदनाचा, तिच्या स्मरणाचा दिवस जवळ येत होता, म्हणून मीही अडवत नव्हते.

एका दुपारी मी चहा घेऊन आले तेव्हा तुम्ही भिंग धरून तिच्या गालावर वाकला होतात. मी विचारलं, काय चाललंय. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "तुह्या मायचे वण काढून राहिलो."

माझ्या हातातला चहा सांडला. मी तुमच्यावर एवढ्या जोरात कधी ओरडले नव्हते. "नका काढू! लग्नाले उभी करायची आहे का तिले? ती तशीच होती! तिचे वण पुसले तर ती कोण राहते?" शेजारच्या बाया दारात आल्या असतील, मला भान नव्हतं. तुम्ही रागावला नाहीत. चष्मा कपाळावर चढवलात आणि म्हणालात, "वेडी का काय व तू? पुसून नाही राहिलो. काढून राहिलो. इकडं ये, पाह्य."

मी वाकून पाहिलं. हाताबाहेरच्या गालावरचे वण कॅमेऱ्याने दिले होते. हातामागच्या कोऱ्या गालावर तुम्ही एकेक वण काढत होतात, मुलं पाटीवर चित्र काढतात तसे. कानाजवळची तीन टिंबांची रांग. डोळ्याखालचा लांबट. हनुवटीच्या बगलेतला खोलगट, ज्यात ती हसली की सावली पडायची. मला कोणी विचारलं असतं तर जे सांगता आलं नसतं, ते तुम्ही फोटोशिवाय, नुसतं आठवून मांडत होतात. आपल्या भाषेचं मला त्या दिवशी नवल वाटलं. फोटो काढायचा, वण काढायचे, माणसाला घराबाहेर काढायचं आणि चित्रही काढायचं. सगळ्याला एकच शब्द. आयुष्यभर तुम्ही दुसऱ्यांच्या लेकींचे वण काढलेत, आणि शेवटी आपल्या बायकोचेही काढलेत.

मग ओठाच्या कोपऱ्याशी तुमचा कुंचला थांबला. खाली गेला, वर आला. "इथं होता का व एक?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, "होता." "केवढा?" मी म्हटलं, "ज्वारीच्या दाण्याएवढा." तुम्ही तेवढा काढलात.

फोटो भिंतीवर लागला, हार घातला, मेणबत्ती लावली. बाया म्हणाल्या, "माय व, आता बोलते की काय!" मायच्या मोठ्या बहिणीने पुढे होऊन काचेवरून बोट फिरवलं आणि ती रडली. मी तिच्या बोटाकडे पाहत होते, ते ओठापाशी थांबतं का म्हणून.

पुढे माझं लग्न झालं आणि मी अकोल्याला आले. बडनेऱ्याच्या फलाटावर तुम्ही सोडायला आला होतात. पिशवीत संत्री होती आणि काटकोन होते. गाडी सुटता सुटता खिडकीचा गज धरून म्हणालात, "तू होती म्हणून तो ओठाजवळचा राहिला पोरी. मी तर पार इसरून गेलो होतो." गाडी हलली. मूर्तिजापूरला नॅरोगेजची शकुंतला उभी होती, ती छोटीशी गाडी पाहून बाजूच्या बाया हसत होत्या, आणि मी पदर तोंडात धरून बसले होते. पुढच्या खेपेला सांगू, असं ठरवलं. पुढच्या खेपेलाही तेच ठरवलं. मग एक दिवस निरोप आला आणि मी अमरावतीला पोचले तेव्हा तुम्ही गेला होतात. तुमचा फोटो ठेवायला अडचण पडली नाही. मीच काढलेला होता, सरळ समोर पाहत असलेला. काटकोन लावावे लागले नाहीत.

अकोल्यात घरोघर जाऊन मी बायांचे फोटो काढले. आया म्हणायच्या, "बाई, तेवढे पोरीचे वण काढून द्या." मी विचारायचे, "काढू म्हणजे नेमकं काय करू?" त्यांना मी जरा चक्रम वाटायचे. माझ्या चौकटी चांगल्या होत्या असं लोक म्हणत. मला स्वतःला त्या फार स्वच्छ वाटतात. उजळणीला बसले की प्रत्येक फोटोच्या कडेला काय होतं आणि मी काय बाहेर सरकवलं, हे शोधत राहते, आणि ते बहुतेक वेळा आता आठवत नाही.

भांड्यांची ती निगेटिव्ह मात्र माझ्याकडे आहे. काल नातजावयाकडून अख्खी छापून आणली, न कापता. गुंड, तिरीप, चूल आणि कडेला हात वर केलेली माय, अर्धी. आडवीतिडवी, तुम्ही पाहिली असती तर कपाळावर हात मारला असता. मी ती भिंतीवर लावणार आहे, तुमच्या फोटोच्या बाजूला.

हे पत्र टाकू कुठे? तुमच्या स्टुडिओच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. म्हणून इथेच सांगते. तो वण तिला होता की नव्हता, मला माहीत नव्हतं, बाबा. तुमचा कुंचला त्या जागी नुसता खालीवर होत होता आणि मला ते पाहवेना, म्हणून मी "होता" म्हटलं. आता डोळे मिटले की माय त्या वणासकटच येते, आणि खरी कोणती हे मला सांगता येत नाही. तुम्ही एवढी वर्षं तिच्याकडे पाहिलंत आणि एकच जागा विसरलात. मी तिच्या हातचं खाऊन मोठी झाले, तिच्यासमोर उंबऱ्यात बसून नेम धरला, आणि तेव्हा मी भांडी पाहत होते.