उनाच्या गळ्यातले पदक

मी, सिसिली रुआन, माहेरची टॅन्सी, कै. बार्टली रुआन यांची पत्नी, राहणार लिसनाबॉन, कॉनाक्ट प्रांत, आयर्लंड, माझ्या पश्चात माझ्या चीजवस्तूंचे काय करावे ते या कागदावर लिहून ठेवते. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते बार्टलीला बरे वाटावे म्हणून लिहिले होते. माझे गुडघे गेले आहेत, हृदयाचाही भरवसा उरलेला नाही, पण डोके शाबूत आहे असे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. माझ्यावर कुणाचाही दबाव नाही. ज्याचे थोडेफार ऐकत होते, तो गेल्या नोव्हेंबरात गेला.

वकील श्री. हॅनली यांनी कलमे आटोपशीर लिहा असे सुचवले. त्यांची फी मी देते आहे, तेव्हा मला हवे तेवढे लिहीन.

कलम १. राहते घर आणि मागचे शेत माझा मुलगा फर्गल याला द्यावे. सामन्याच्या दिवशी ते शेत फुटबॉल क्लबला गाड्या लावायला फुकट देण्याची आमची पद्धत त्याने चालू ठेवावी. फक्त क्लबचे अध्यक्ष, माझे चुलतभाऊ पीडर टॅन्सी, यांची गाडी आत घेऊ नये. क्लबच्या मेजवानीत त्यांनी उना मलरेननला बार्टलीच्या उजव्या हाताला बसवले आणि मला सूप वाढायला उभे केले. नंतर म्हणाले, "अगं सिस, तू काय, घरचीच!" घरचीच होते म्हणूनच लक्षात ठेवले आहे.

कलम २. बँकेतली शिल्लक बॉस्टनला असलेली माझी मुलगी आयलीश हिला, शिवणयंत्र माझी नात सॉर्खा हिला आणि कोंबड्या शेजारीण ब्रीज गॉहन हिला द्याव्यात. तपकिरी कोंबडी खुडूक झाली तरी तिला कापू नये.

कलम ३. आता पदकाबद्दल. जे आपल्या मालकीचे नाही ते मृत्युपत्राने देता येत नाही, म्हणून हे कलम गाळा, असे श्री. हॅनली म्हणतात. मी गाळणार नाही. ते माझ्या मालकीचे का नाही, एवढे तरी कागदावर येऊ दे.

आमच्या आयरिश फुटबॉलमध्ये कॉनाक्टचे विजेतेपद म्हणजे काय, हे इथे पाळण्यातल्या पोरालाही सांगावे लागत नाही. प्रांतात काउंट्या, म्हणजे जिल्हे, पाच. त्यातल्या गॉलवे आणि मेयो यांनी ते बहुतेक आपसातच वाटून घेतले. लंडन-न्यूयॉर्कला पोट भरायला गेलेली आमची पोरेसुद्धा संघ बांधून या स्पर्धेत उतरतात. आमच्यासारख्या लहान काउंटीला ते माणसाच्या जन्मात एकदा मिळाले तर मिळाले. माझ्या तरुणपणी आम्हाला मिळाले. साल लिहीत नाही. ज्याला ठाऊक नाही तो इथला नाही. त्या रात्री प्रत्येक वळणावर शेकोटी पेटली होती आणि माझ्या बाबांनी घराचे चांगले दार तोडून जाळात घातले.

त्या पंधरा जणांत लिसनाबॉनचा एकच होता, माझा बार्टली. तेव्हा तो माझा नव्हता.

इकडची रीत अशी की पुरुष आपले पदक स्वतः मिरवत नाही. सोनाराकडून त्याला कडी लावून घेतो आणि आपल्या बाईच्या गळ्यात घालतो. बार्टलीने ते उनाच्या गळ्यात घातले. दोघे बरोबर नाचायला जात. पुढे उनाची आई अंथरुणाला खिळली, उनाने लग्नाला नकार दिला, आणि काही काळाने त्याने मला विचारले. पदक परत द्यावे हे तिला सुचले नाही आणि परत मागायला त्याची जीभ रेटली नाही. त्या दोघांचा संकोच झाला, पण जीव माझा जळला. मला त्याची क्लबची पदके मिळाली, डबाभर. ती मुलांनी पत्त्यांच्या डावात लावली.

दर रविवारी चर्चमध्ये उना आमच्या बरोबर पुढच्या बाकावर बसे. मागून मला तिच्या मानेवरची साखळी दिसायची. फादर काय सांगत होते ते मला विचारू नका, त्या साखळीच्या कड्या कशा होत्या ते विचारा. प्रसाद घेऊन ती परत फिरली की पदक समोर यायचे, आणि मी डोळे मिटून घ्यायची. लोकांना वाटे, सिसिली फार भाविक आहे.

विजयाला पंचवीस वर्षे झाली की त्या संघाला अंतिम सामन्याआधी मैदानावर बोलावून मान देतात. आमच्या संघाला बोलावले तेव्हा मी नवी टोपी घेतली होती. गाडी निघाली आणि बार्टली म्हणाला, "सिस, जाता जाता उनाकडे मिनिटभर थांबू या?"

"कशाला?"

"पदक मागून घेतो. पेपरवाल्यांना फोटो हवाय."

"मागून घेतोस? बार्टली, ते तुझं आहे!"

"दिलंय ना मी तिला," तो म्हणाला. एवढेच. या माणसाशी कुणाला भांडता आले असते?

मी गाडीतच बसले. उनाने दारातच साखळी काढली, त्याच्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "जपून हं. संध्याकाळी आण." आणि त्याने ते संध्याकाळी नेऊन दिले! चिखलातले बूट काढायच्या आधी. त्या रात्री मी त्याला थंड बटाटे वाढले.

बार्टली गेल्यावर, जानेवारीत, मी स्वतः उनाकडे गेले. माझी सॉर्खा काउंटीच्या मुलींच्या संघात खेळते, आजोबांसारखीच आडदांड आहे. पदक तिच्याकडे जावे असे मला वाटले.

"ये सिस, चहा टाकते," उना म्हणाली.

"चहाला नाही आले. पदक मागायला आले. सॉर्खासाठी."

"मी आहे तोवर नाही."

"तुला ना मूल ना बाळ. उद्या तुझा तो लीड्सचा भाचा मोडीत घालेल."

"घालू दे."

"मग निदान देवासमोर तरी ते आत घालत जा! जन्मभर माझ्या पुढ्यात बसून मिरवलंस."

ती खुर्चीत बसली. "मिरवलं? अगं, तुम्ही दोघं दिसू नयेत म्हणून मी पुढे बसायची. मागे बसले असते तर तुमचे खांदे बघावे लागले असते. तू त्याची कॉलर सारखी करायचीस ना, ते एकदा पाहिलं. पुन्हा नाही बघवलं. सगळा माणूस तुला मिळाला, सिस. मला हे नखाएवढं सोनं. तेही हवंय तुला?"

मी चहा न घेता निघाले. इतकी वर्षे तीही माझ्यावर जळत होती, हे कळून मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, फाटकापर्यंत. पुढे वाटले, तिचा हेवा माझ्यापेक्षा चांगल्या वळणाचा होता. कुणाला कळला नाही. माझा मात्र मेजवानीत सूप वाढणाऱ्या बायकांनासुद्धा कळला होता.

कलम ४. मला बार्टलीच्याच थडग्यात पुरावे. शवपेटीवर क्लबचा झेंडा घालू नये. तो खेळणाऱ्यांचा मान आहे, मी जेवण गरम ठेवणारी. प्रवचनात फुटबॉलचे नाव काढू नये. निदान त्या एका दिवशी तरी माझ्याबद्दल बोलावे.

कलम ५. उना मलरेननला माझ्याकडून काहीही मिळू नये. श्री. हॅनली यांनी सांगितले की मृत्युपत्रावर जो साक्षीदार म्हणून सही करतो, त्याला त्यातले काही मिळत नाही. तसा कायदाच आहे. हे ऐकल्याबरोबर मी उनालाच साक्षीला बोलावले. नुसते काही न ठेवण्यात मजा नाही. तिने स्वतःच्या हाताने सही करून ते मान्य करावे, असे मला वाटले.

कलम ६. हे कलम आत्ता, सह्या होण्याच्या आधी, माझ्या हाताने घालत आहे. सगळे माझ्या स्वयंपाकघरात बसले आहेत आणि चहा निवतो आहे.

उनाने पेन उचलले, अर्धे नाव लिहिले आणि विचारले, "मलाच का गं बोलावलंस? गावातली माणसं संपली?"

मी तिला कायदा सांगितला. आवाज जरा चढाच लावला. श्री. हॅनली खोकले.

उनाने पेन खाली ठेवले. "असं आहे होय," ती म्हणाली. "मग माझ्या मृत्युपत्रावर तुझी सही घेता येणार नाही, सिस."

"का?"

"अगं, तूच म्हणतेस ना, साक्षीदाराला काही मिळत नाही."

तिचा हात गळ्याशी गेला होता.

हेही तिलाच आधी सुचावे! आयुष्यभर हेवा मी करायचा, आणि शेवटी मन मोठे करायची वेळ आली की तिथेही हीच पुढच्या बाकावर. माझी तळपायाची आग मस्तकाला गेली. पण ती देणार आणि मी नुसती घेणार, असे मी मेल्यावरसुद्धा होऊ देणार नाही. म्हणून कलम ५ रद्द समजावे. उनाची साक्ष नको. ब्रीजची सही चालत नाही, तिला कोंबड्या मिळायच्या आहेत. तेव्हा रस्त्यावरून चाललेल्या पोस्टमनला आत बोलावले आहे.

त्या अंतिम सामन्यात बार्टलीच्या अंगात असलेली जर्सी, जी नियमाप्रमाणे परत करायची होती आणि त्याने केली नाही, ती माझ्या कपाटात सर्वांत खाली आहे. ती उना मलरेननला द्यावी. डाव्या कोपरावरचे रफू माझे आहे. ते तिने उसवू नये.

लिसनाबॉन येथे, मंगळवार, ३० एप्रिल २०२४ रोजी, खालील दोघांच्या देखत मी सही केली आणि माझ्या देखत त्यांनी केली.

सिसिली रुआन

साक्षीदार:
१. डेक्लन हॅनली, वकील
२. ~~उना मल~~ फिनियन बीर्न, पोस्टमन (खाडाखोड मान्य. सि. रु.)