आरसे कोण टांगणार

दि. ४ फेब्रुवारी

चि. ठकूस मामाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र परवा पोचलं. अठरा वर्षं दुसऱ्यांच्या दुकानांत कपडे शिवून आता तू स्वतःच्या दुकानाला स्वतःचं कुलूप लावणार, हे वाचून ऊर भरून आला. तुझी मामी दोनदा वाचूनही पत्र हातातून सोडेना, म्हणून मी तिच्या खांद्यावरून वाचलं.

बंद पडलेल्या नाचाच्या क्लासमधून पुरुषभर उंचीचे दोन आरसे घेतलेस, उत्तम. ताग्यांसाठी चार फळ्या आणि तुझ्या आईने भरलेली ती फुलवेल काचेच्या चौकटीत, हेही छान. हे सगळं टांगणार कोण, ते तू विचारलंच नाहीस. बरोबर आहे. आपल्या गोतावळ्यात माझा खिळा नाही अशी भिंत दाखव. २४ तारखेच्या रविवारी ड्रिल आणि ओळंबा घेऊन येतो. तू फक्त चहाचं बघ. गणिताचा मास्तर शाळेतून निवृत्त झालाय, भिंतींतून नाही.

बाकी सर्व क्षेम. लोभ आहेच, तो जपून ठेव.

तुझा मामा

दि. ८ फेब्रुवारी

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

हे वाचनालयात गेलेत, तेवढ्यात लिहितेय. ठकू, यांना ते आरसे लावू देऊ नकोस.

मागच्या महिन्यात यांनी स्वयंपाकघरात लावलेली फळी बरण्यांसकट खाली आली. हे म्हणतात, शेजारच्या मांजरीने उडी मारली. मांजर तेव्हा माझ्या पायाशी दूध पीत होती. खरं म्हणजे यांचा उजवा हात थरथरतो. चहाचा कप बशीत ठेवताना वाजतो, मग हे मुद्दाम जोरात खोकतात. डॉक्टरांचं नाव काढलं की वर्तमानपत्रात तोंड घालतात.

स्वतःहून बोलतील तेव्हा बोलतील. पण एकेक आरसा चाळीस किलोचा, म्हणतेस. काहीतरी सबब काढ, आणि त्यात माझं नाव येऊ देऊ नकोस. एवढं मामीचं ऐक.

तुझी मामी

दि. १३ फेब्रुवारी

ती. मामास ठकूचा सा. न. वि. वि.

एक पंचाईत झाली आहे. दुकानाच्या मालकांची अट आहे की जड सामान टांगायला त्या कामातलाच माणूस बोलवायचा, म्हणजे उद्या काही पडलं तर जबाबदारी त्याची. त्यामुळे एका टांगकाम करणाऱ्याला रविवारी दहाला बोलावलंय. तो हेच करतो म्हणे, आरसे, चित्रं, फळ्या. दुसरं काही नाही.

रागावू नकोस. तुझ्या कामाबद्दल घरात सगळ्यांना आदर आहे. आमच्या बैठकीतली तुझी फळी डावीकडे इतकी झुकते की बाबा चष्मा उजवीकडे ठेवायचे आणि डावीकडून उचलायचे, पण तक्रार त्यांनी कधी केली नाही.

तू मात्र यायचंच आहेस. पहिलं माप तुझ्याच सदऱ्याचं घेणार आहे. पोट आत ओढून उभं राहायचं नाही.

मामीला नमस्कार. माया पातळ करू नकोस.

तुझी ठकू

दि. १७ फेब्रुवारी

चि. ठकूस आशीर्वाद. (अनेक नाहीत. या खेपेला मोजकेच.)

टांगकाम करणारा! असा धंदा असतो हे अडुसष्टाव्या वर्षी कळलं. उद्या खिडक्या उघडणारा आणि पंखे लावणारा वेगळा येईल. फळी झुकत नाही, तुमच्या घराची जमीन झुकते. तुझ्या वडिलांना मी ते तेव्हाच सांगितलं होतं.

येईन. हात लावणार नाही, खुर्ची टाकून बघत बसेन. तो चुकला तर बोलणारही नाही, नुसता बघेन. माझं नुसतं बघणं चाळीस वर्षं पोरांना कसं वाटायचं, ते त्यांना विचार.

बाकी भेटीअंती.

मामा

दि. २६ फेब्रुवारी

ती. मामीस सा. न. वि. वि.

तू गुडघ्यामुळे आली नाहीस, म्हणून सगळं सविस्तर सांगते.

मामा पंधरा मिनिटं खुर्चीवर टिकला. टांगकामवाला जेमतेम पस्तिशीचा, अबोल. त्याने भिंत वाजवून सांगितलं की ही वीट नाही, आतून पोकळ आहे, उभ्या लाकडी पट्ट्यांवर नुसते पातळ तक्ते ठोकलेत, वजन पट्टीच धरेल. ते ऐकून मामा उठला. बोटांनी ठकठक करत त्याने एका जागी पेन्सिलीची खूण केली आणि पट्टी इथेच, असं ठासून सांगितलं. त्या माणसाचं भिंतीआडचं लाकूड शोधायचं यंत्र दोन बोटं पलीकडे वाजलं. तो वाद घालत बसला नाही. मामाच्या खुणेवर त्याने बारीक भोक पाडलं. आत नुसती हवा. मग आपल्या खुणेवर पाडलं, तर लाकडाचा भुसा आला. मामाने चष्मा पुसला.

थोड्या वेळाने त्याने मामाला आरसा सरळ आहे का ते बघायची लेव्हल धरायला दिली. मामी, तिच्यातला बुडबुडा एका जागी ठरेना. मामाचा चेहरा उतरला. त्या माणसाने क्षणभर पाहिलं आणि सहज लेव्हल काढून घेतली. म्हणाला, हे मी एकटा करतो, पण लांबून बघणारा कोणी नसतो माझ्याकडे, तुम्ही दारात उभे राहून सांगा. मी पाठ फिरवून टाचण्या मोजत असल्याचं सोंग केलं.

आईच्या चौकटीची उंची मामाने ठरवली. म्हणाला, माणसं इथे बाकावर बसून वाट बघणार, चौकट चार बोटं खाली घ्या. त्या माणसाने बाकावर बसून पाहिलं, मान डोलावली आणि घेतली. आता बसल्यावर वेलीचा टाका न् टाका दिसतो. मी तिथे बसून थोडी रडले, तेवढंच काय ते.

मालकांची अट मीच त्यांना शिकवली होती, हे मामाला कळलेलं नाही. कळूही देऊ नकोस.

गुडघा सांभाळ. आठवण ठेवतेसच, ठेवत राहा.

तुझी ठकू

दि. ३ मार्च

चि. ठकूस मामाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

आरसे सरळ आहेत. हे लिहायला मला आठवडा लागला. सदऱ्याचं माप घेताना तुझ्या आरशात मी डोक्यापासून पायापर्यंत दिसलो, आणि उजवा हात खिशात घालून उभा होतो. तूही तो बाहेर काढायला सांगितलं नाहीस.

तो माणूस मला आवडला. लेव्हल त्याने माझ्याकडून अशी घेतली की तुलाही पत्ता लागला नाही. परवा त्याला घरी बोलावून स्वयंपाकघरातली फळी लावून घेतली. मांजरीचा काही दोष नव्हता, हे तुझ्या मामीला सांगितलं. ती नुसती हूं म्हणाली आणि माझ्या पानात जास्तीचं वाढलं.

गुरुवारी दहा वाजता डॉक्टरांची वेळ घेतली आहे. तुझी मामी दवाखान्यात माझ्याआधी आजारी पडते. तेव्हा अर्धा दिवस दुकान बंद ठेवून तू ये. काय निघेल कोण जाणे. हात पुढे करा म्हणतील तेव्हा शेजारी कोणी असलेलं बरं.

अक्षर पाहून घाबरू नकोस. वर्षभर प्रत्येक पत्र मी तीन-तीनदा लिहून त्यातलं बरं तेवढं पाठवत होतो. हे पहिल्याच खेपेचं आहे, तसंच पाठवतो.

तुझा मामा