उजव्या बाहीचा अबोला

२७ नोव्हेंबर १९६१, सोमवार

जीभ घसरली! काल माझी साठीशांत. घर पाहुण्यांनी भरलेलं. कृष्णाबाईनं सगळ्यांसमोर स्वेटर हातात दिला — तपकिरी, स्वतः विणलेला, पावसाळाभर माझ्यापासून लपवून. मी सरळ अंगात घालावा की नाही? पण जन्म गेला चिकपेटेत कापड विकण्यात. घडी उलगडली आणि काठाला काठ लावून बघतात तशी बाहीला बाही लावली. उजवी लांब! झालं, बोलून बसलो — "ही बाही कुणासाठी गं? मारुतीच्या शेपटासाठी?"

सगळे हसले. तीही हसली. मग आत गेली, सुया आणि उरलेली लोकर आणून माझ्या मांडीवर ठेवली. "पुढचा तुम्हीच विणा."

त्यानंतर एक शब्द नाही.

२८ नोव्हेंबर

"नीरजा, त्यांना सांग, कॉफी निवते आहे." 'त्यांना' म्हणजे मी — हातभर अंतरावर बसलेला! सून बिचारी दोघांच्या मध्ये.

३० नोव्हेंबर

ठरलं. विणतोच! कृष्णाबाईसाठी स्वेटर. तिनं तो अंगात घातला की अबोला संपला. पत्र्याची पेटी उचलून पार होसकोट्यापर्यंत दारोदार लुगडी विकली, त्यातून दुकान उभं केलं. दोन सुयांना भिणार होय?

नीरजा शिकवते. "मामंजी, सुईचा गळा आवळू नका. स्वल्प सैल!"

३ डिसेंबर

पाठ विणायला घेतली. खाली बारीक, वर रुंदच रुंद. हे जास्तीचे टाके येतात कुठून? मी घातले नाहीत! नीरजा म्हणते, "एकाच टाक्यात दोनदा शिरता तुम्ही." उसवलं. पुन्हा विणलं. आता खाली रुंद, वर बारीक. उसवलं.

शेजारचे भगवंतराव फाटकातूनच ओरडले, "काय नागनाथराव, बाळंतविडा? कितवा महिना?" अख्ख्या रस्त्याला ऐकू गेलं. आमच्या स्वयंपाकघरात कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच खोकलं. कान माझे अजून शाबूत आहेत!

४ डिसेंबर

बसवनगुडीची शेंगांची जत्रा. दर वर्षी दोघं जातो. ती शेंग फोडून चाखणार, "स्वल्प जास्ती हाकप्पा" म्हणून शेंगवाल्याकडून आणखी एक ओंजळ उकळणार, मी पिशवी धरणार. यंदा ती नीरजेला घेऊन पुढे निघून गेली. मी मागाहून एकटा. एक माणूस डोक्यावर टोपली आणि टोपलीत पोर घेऊन चालला होता, पोर वरून शेंगांची टरफलं बापाच्या खांद्यावर टाकतंय! "बघ, बघ" म्हणायला वळलो — बाजूला भलतीच बाई. रागावली.

आणलेल्या शेंगा खवट निघाल्या. सांगू कुणाला?

६ डिसेंबर

तिसऱ्यांदा विणलेली पाठ दोरीवरच्या तिच्या झंपराला लावून बघितली. दोन कृष्णाबाया मावतील. नाहीतर एक भगवंतराव. पुरे! गुंडाळून कपाटावर फेकली.

पण हातांना करमेना. थोडेसेच टाके घातले आणि नुसता सरळ विणत सुटलो. काय होणार, ठरवलं नाही. माप नाही, गळा नाही, बाही तर नाहीच नाही. टिक्-टिक्, ओळ संपली, वळलो, टिक्-टिक्. लोकर बोटावरून मांजरासारखी अंग घासत जाते. अरे, हे तर मजेचं आहे! आजवर जे केलं ते गिऱ्हाइकाच्या पसंतीसाठी. ही पट्टी कुणाला दाखवायची नाही, विकायची नाही.

७ डिसेंबर

विणता विणता दुकानाची वेळ टळली! मुलाचा निरोप — "बाबांना बरं नाही का?" कळवलं, फार बरं आहे.

९ डिसेंबर

पट्टी गुडघ्याखाली लोंबते. भगवंतराव म्हणाले, "अजगराला मफलर?" म्हटलं, "सरी, बरं तर, अजगर तेवढा तुम्ही आणा." राग मुळी आलाच नाही.

एक गंमत मात्र कानांनी पकडली. सुया चालल्या की आत भांडी वाजतात. सुया थांबल्या की भांडीही थांबतात. पुन्हा पारखून बघितलं. बाईसाहेब ऐकताहेत!

१० डिसेंबर

ती ओसरीवर तांदूळ निवडत होती — माझ्याकडे पाठ करून. मी मुद्दाम एक टाका सुईवरून सोडून दिला, मोठ्यांदा "असू दे!" म्हटलं आणि पुढे विणू लागलो. तिची मान जराशी वळली. टाका एक ओळ खाली घसरला. तिचं निवडणं थांबलं. मी पट्टी हळूच ताणली. टाका आणखी खाली—

"अहो, टाका सुटलाय! डोळे कुठं आहेत तुमचे?"

बोलली! सूप बाजूला सारून आली, माझ्या हातून सुया ओढल्या आणि तो टाका ओळीओळीनं चढवत वर आणला. पाणी शेंदावं तसा! मी बघतच राहिलो. मग राहवेना — जीभ माझीच ती — "एवढा हात बसलाय तुझा, मग ती बाही कशी गं चुकली?"

सुया न थांबवता म्हणाली, "चुकली? अंगात घालून पाहिलीत का एकदा तरी?"

११ डिसेंबर

घातला. दोन्ही बाह्या मनगटावर बरोब्बर!

मग भिंतीला टेकून, हात सोडून उभा राहिलो. उजवा दोन बोटं लांब आहे. पेटी कायम त्याच हातात असायची. सदऱ्याच्या बाह्या मी जन्मभर दुमडून घालतो, मला कधी कळलंच नाही. तिला ठाऊक होतं.

बाहेर चांगलं ऊन आहे. घामाघूम झालो आहे. "काढा आता तो," म्हणते आहे — थेट मला! काढत नाही.